अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला फुटबॉलची कॉन्फरन्स अजिंक्यपद स्पर्धा कशी पाहावी

अमेरिकेत महाविद्यालयीन महिला फुटबॉलचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटांच्या, अजिंक्यपद स्पर्धा भरतात. या स्पर्धांचा खरा आनंद घ्यायचा असेल, तर सामना सुरू होण्यापूर्वी एकच गोष्ट शोधून ठेवावी : हरणाऱ्या संघाचा हंगाम इथेच संपणार आहे का?

याचे उत्तर राष्ट्रीय स्पर्धेच्या रचनेत आहे. एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या ६४ संघांच्या स्पर्धेत कॉन्फरन्स विजेत्यांना थेट प्रवेश मिळतो आणि उरलेल्या जागा निवड समिती हंगामभराची कामगिरी पाहून भरते. एसीसीसारख्या (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) बलाढ्य कॉन्फरन्समधील अव्वल संघ अंतिम सामना हरला तरी त्याची जागा बहुधा सुरक्षित असते. लहान कॉन्फरन्समध्ये मात्र विजेत्याखेरीज कोणालाही बोलावणे येण्याची आशा जवळपास नसते आणि शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलींची महाविद्यालयीन कारकीर्द त्या शिट्टीबरोबर संपते. म्हणून वेळ थोडाच असेल, तर नामांकित संघांचा सामना सोडून एखाद्या लहान कॉन्फरन्सची अंतिम लढत पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर मानांकनांचा तक्ता वाचावा. एसीसीच्या २०२३च्या स्पर्धेत सहा संघ होते आणि पहिली दोन मानांकने मिळवणारे संघ थेट उपांत्य फेरीत खेळले; साखळी सामन्यांतील सातत्याचे हे मोठे बक्षीस आहे, कारण थोड्या दिवसांत अनेक सामने खेळताना विश्रांती मिळालेले पाय फार उपयोगी पडतात. १९८८पासून चालत आलेल्या या स्पर्धेवर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने अनेक वर्षे वर्चस्व गाजवले, तर २०२०पासून फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने सलग विजेतेपदे मिळवली.

नियमांतील फरक आधीच समजून घ्यावेत. पहिल्या सत्रात बाहेर गेलेली खेळाडू त्या सत्रात परत येऊ शकत नाही, पण दुसऱ्या सत्रात तिला एकदा परत येता येते. त्यामुळे प्रमुख आघाडीपटूला बाहेर बसवले म्हणजे प्रशिक्षकाने माघार घेतली असे समजू नये, अनेकदा ती शेवटच्या वीस मिनिटांसाठी राखून ठेवलेली असते. २०२२पासून साखळी सामन्यांत जादा वेळ उरलेला नाही, परंतु या बाद फेरीत बरोबरी झाल्यास दहा-दहा मिनिटांची दोन सत्रे पूर्ण खेळवली जातात आणि पहिला गोल झाल्याबरोबर सामना थांबत नाही. तरीही कोंडी सुटली नाही, तर पेनल्टी शूटआऊटने पुढे जाणारा संघ ठरतो. अधिकृत नोंदीत मात्र तो सामना बरोबरीचाच राहतो, म्हणून विजय-पराजयाचे आकडे वाचताना गोंधळून जाऊ नये.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील केरी शहर आणि आसपासच्या मराठी कुटुंबांना वेकमेड सॉकर पार्क जवळ आहे. एसीसीचे सामने तिथे अनेकदा झाले आहेत, तेव्हा फुटबॉल खेळणाऱ्या मुलीला अवश्य न्यावे.

भारतातून पाहणाऱ्यांनी वेळेचा हिशेब नीट करावा. अमेरिकेतील घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नेमक्या या स्पर्धांच्या काळात, एक तास मागे जातात. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला सुरू होणारा सामना त्या रविवारपूर्वी आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला असतो आणि त्यानंतर साडेसहाला.