चाप हलका करताय? दस्ता चढवल्यावर पुन्हा तपासा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊच दिवस चालतो. बोल्ट-अ‍ॅक्शन (हाताने बोल्ट मागे-पुढे करून काडतूस भरायच्या) रायफलच्या चापाला हात घालायचा असेल तर ऑक्टोबरात घाला, आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर नको.

रायफल रिकामी, मॅगझिन बाहेर, चेंबरमध्ये (काडतूस बसतं ती जागा) बोट घालून खात्री, काडतुसं दुसऱ्या खोलीत. हेही सांगावं लागत असेल तर सरळ गनस्मिथकडे जा.

मॉडेल आणि सिरियल नंबर रिकॉलमध्ये आहे का ते बघा. रेमिंग्टनने एप्रिल २०१४ मध्ये मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हनचे एक्स-मार्क प्रो चाप परत मागवले होते, कारण चाप न ओढताही गोळी सुटण्याचा धोका होता. जुनी रायफल विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने ते काम करून घेतलंय असं धरून चालू नका.

मग ट्रिगर गेज. आत्ता चाप किती पौंडांना सुटतो ते चार-पाचदा मोजून लिहून ठेवा. बोटाच्या अंदाजावर कुणीही विसंबू नये. आणि स्क्रूआधी सफाई: थंडीत आतलं जुनं तेल घट्ट होतं, ते काढलं की पुष्कळदा चाप आपोआप सुधारतो आणि पुढचं काम वाचतं.

किती हलका करायचा? शिकारीला तीन ते चार पौंड भरपूर झाले. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं तेव्हा आपण सगळे नाचलो, पण त्या खेळात चापाच्या वजनाला खालची मर्यादा नसते आणि नेमबाज रेंजवर असतो. तुम्ही जाड हातमोजे घालून झाडावरच्या मचाणावर चढणार आहात. ग्रॅमच्या गप्पा तिथे नकोत.

दस्ता (खांद्याला टेकणारा, रायफल धरायचा भाग) काढा. मॅन्युअलमध्ये वजनाचा म्हणून दाखवलाय तोच स्क्रू, पाव-पाव फेरा, प्रत्येक वेळी गेज. सिअरच्या (चाप ओढेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणारा तुकडा) पकडीचा स्क्रू आणि कारखान्यात लाखबंद केलेला कुठलाही स्क्रू, हात लावायचा नाही. का, ते विचारू नका. पकड कमी झाली की धक्क्यानेच काडतुसावर आदळणारी फायरिंग पिन सुटते, एवढं पुरे.

आता चाचण्या. बोल्ट जोरात बंद करा, दहा वेळा. सेफ्टी लावून चाप कचकचीत ओढा, सोडा, बोट बाहेर घ्या, सेफ्टी काढा. सेफ्टी काढून, चापाला बोट न लावता, बुडाला रबरी हातोडीने ठोका. एकदाही ‘कट्’ आवाज आला तर स्क्रू होता तिथे परत. आणि यातलं सगळं दस्ता चढवून पुन्हा करायचं. मागच्या खेपेला माझं नेमकं हेच राहिलं. उघड्या अ‍ॅक्शनवर (दस्त्याशिवायचा बोल्ट-चापाचा भाग) सगळं चोख होतं म्हणून मी खूश. दस्ता बसवल्यावर सेफ्टीची दांडी लाकडाला घासत होती आणि पूर्ण जागेवर जातच नव्हती. चापही कडेला घासू शकतो. म्हणून दस्ता चढवा, स्क्रू मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळा, आणि मग बोल्ट, सेफ्टी, हातोडी, सगळं पहिल्यापासून. गेजसुद्धा. दस्ता चढवल्यावर. कंटाळा आला तरी.

रेंजवर शंभर यार्डांवर झिरो (नेम जुळवणं) पुन्हा, कारण दस्ता काढला की नेम सरकतो. शिकारीची काडतुसं, शिकारीचे हातमोजे. नारिंगी जाकीट, लायसन्स वगैरे तुम्हाला माहीत आहे. हातमोज्यातून बोट चापाला टेकल्याचं कळत नसेल तर अर्धा पौंड वाढवा, आणि वाढवलात तर, हो, परत दस्ता चढवून सगळ्या चाचण्या.