गच्ची धुण्याच्या कामात नवीन आहात? कपलरची कॉलर आधी बघा

साताऱ्यात मार्च लागला की वॉटरप्रूफिंगवाल्यांचे फोन सुरू होतात. पाऊस यायच्या आत गच्च्या धुऊन, वाळवून, कोटिंग मारून मोकळं व्हायचं असतं. या गर्दीत दरवर्षी नवी पोरं कामाला लागतात. मीही तसाच लागलो, आयटीआयचा फिटर ट्रेड करून. प्रेशर मशीन, गन, नोझल हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. मला बोलायचंय ते क्विक कपलरबद्दल, म्हणजे दोन पाइप झटकन जोडणाऱ्या-सोडणाऱ्या तुकड्याबद्दल, कारण पहिल्याच हंगामात त्यानं माझा घोटा फोडला.

काम शाहूपुरीत होतं, दुमजली घर. मशीन खाली अंगणात, दोन पाइपांचा जोड वर गच्चीवर. मी जोड बसवला, टक् असा आवाज आला, खाली हाक मारली, "कर चालू!" दहा मिनिटं व्यवस्थित चाललं. मग जागा बदलायला गनचा ट्रिगर सोडला आणि त्याच क्षणी जोड सुटला. पितळी तोंडाचं ते टोक सापासारखं उसळून घोट्यावर आदळलं. सहा टाके पडले. कठडा माझ्यापासून चार फुटांवर होता, तेवढं आठवलं तरी अजून पोटात गोळा येतो.

झालं काय होतं, ते नीट समजून घ्या. कपलरच्या मादीत, म्हणजे बाहेरच्या पोकळ भागात, बारीक छर्रे असतात. नर, म्हणजे आत घुसणारं टोक, आत गेला की ते त्याच्या खाचेत बसतात आणि स्प्रिंगची कॉलर, म्हणजे वरची सरकती कडी, पुढे सरकून त्यांना वरून दाबून धरते. सगळी ताकद त्या कॉलरची. मी जोडण्याआधी कपलर गच्चीवर तसाच टाकला होता. शेवाळ, वाळू, जुन्या कोटिंगचे कण, सगळं कॉलरखाली शिरलं. आवाज आला तो छर्रे खाचेत पडल्याचा. कॉलर मात्र दीड-दोन मिलिमीटर मागेच अडकली होती. असा अर्धवट जोड हातानं हलकं ओढलं तर सुटत नाही, पाणी चालू झालं तरी टिकतो. पण ट्रिगर सोडताना लाइनमध्ये दाबाचा झटका बसतो, आणि तिथं तो जातो. आमचं मशीन १३० बारचं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १३० किलो. आवाजावर विश्वास ठेवू नका. पुन्हा सांगतो, आवाजावर ठेवू नका.

मी आता असं करतो. नव्या कपलरची कॉलर पूर्ण पुढे असताना तिच्या मागच्या कडेला लागून बॉडीवर नेलपॉलिशची लाल रेघ मारतो, बहिणीच्या बाटलीतली. कॉलर मागे अडकली तर रेघ झाकली जाते. पूर्ण रेघ दिसली तरच पुढचं काम. त्यानंतर दोन्ही हातांनी जोर लावून ओढायचं आणि थोडं फिरवून बघायचं. मग गन उघडी ठेवून आधी नुसतं नळाचं पाणी सोडायचं, हवा निघून जाऊ द्यायची, आणि मगच मोटर. याला एक मिनिटही लागत नाही. नोझलचा कपलरही याच जातीचा, त्यालाही हाच नियम. नीट न बसलेलं नोझल गोळीसारखं सुटतं.

पाण्यानं भरलेला पाइप कठड्यावरून खाली लोंबत असेल तर त्याचं वजन जोडावर येऊ देऊ नका. पाइपालाच दोरीचा फास मारून ती पक्क्या जागी बांधा. जोड कठड्याच्या कडेवर तर कधीच ठेवू नका, पाइप ओढताना सिमेंटची धार कॉलर मागे ढकलते.

खरेदीत दोन चुका सगळेच करतात. पहिली, कंप्रेसरच्या दुकानातला हवेचा कपलर आणणं. दिसायला सारखा, किमतीला स्वस्त. पण हवेचा कंप्रेसर आठ-दहा बारवर चालतो, कपलर त्याच हिशेबानं बनवलेला असतो. बॉडीवर दाब कोरलेला नसेल तर घेऊ नका. दुसरी चूक आट्यांची. आपल्याकडं बहुतेक बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे आटे, बाहेरून आलेल्या सेटमध्ये एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे. पाव इंचात बीएसपीला इंचाला १९ आटे, एनपीटीला १८. दोन-तीन वेढे सरळ जातात, मग घट्ट होतं, आणि आपल्याला वाटतं बसलं. बसलेलं नसतं. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, गळणारच. आणि दाबाखाली गळती कुठं आहे ते बोटानं चाचपू नका, बारीक धार कातडीत घुसते. सगळं एका डब्यात मिळणारे अडॅप्टर सेट मला पटत नाहीत. सुटे घ्या, दुकानात जोडून बघून घ्या.

शेवाळाला हायपोक्लोराइट (ब्लीच) मारत असाल तर ते पितळेला खातं, जोडातल्या साध्या काळ्या नायट्राइल रबराच्या गोल कडीलाही (ओ-रिंग). केमिकलची लाइन वेगळी ठेवा, काम संपलं की साध्या पाण्यानं भरपूर धुवा.

उस्तादाबद्दलही बोलतो. मला शिकवणारा "टक् झालं की झालं" म्हणायचा. माणूस मायेचा होता, पण त्यानं एकदाही कपलर खोलून दाखवला नाही. जो तुमच्या हातात जुना कपलर देऊन "खोल, छर्रे मोज, परत बसव" म्हणतो, त्याच्याकडं दोनशे रुपये कमी मिळाले तरी राहा.

घाबरून काम सोडू नका. मी टाके निघाल्यावर महिनाभर जोडाला हात लावला की थरथरायचो. मग रोज संध्याकाळी घरी पाच-सहा वेळा कपलर खोलून, धुऊन, जोडत बसायचो. पंधरा-वीस दिवसांत हात स्थिर झाला. तुमचाही होईल.

आणि जोड सुटतच नसेल तर पान्यानं ठोकू नका. मोटर बंद असली तरी पाइपात दाब कोंडलेला असतो. नळ बंद करा, गन मोकळ्या दिशेला धरून धार पूर्ण थांबेपर्यंत ट्रिगर दाबा. मग कॉलर दोन बोटांनी मागे येते.