काळा पडलेला रुपया लिलावात स्वस्तात कसा उचलावा

चांदी काळी पडली की आपल्याकडे लोकांचे हात शिवशिवतात. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, जे सापडेल ते घेऊन बसतात, आणि लक्ष्मीपूजनाच्या आधी तर घरोघरचे राणीछाप रुपये घासून पांढरेफटक होतात. या सवयीचा संग्राहकाला एक फायदा आहे. ऑनलाइन लिलावात नाणं विकणाऱ्यालाही काळेपणाची लाजच वाटते. 'डाग आहेत', 'साफ केलेलं नाही' असं तो ओशाळून लिहितो आणि बोली खालून सुरू करतो. त्यातल्याच एखाद्या नाण्यावर संग्राहकांना हवा असलेला निळा, किरमिजी, सोनेरी रंग आपोआप चढलेला असतो, फक्त फोटोत तो उतरलेला नसतो. स्वस्तात मिळतं ते हेच नाणं. ज्याचा रंग फोटोत झकास दिसतो, त्याच्यावर सगळेच तुटून पडतात. तिथे आपलं काम नाही.

मी साताऱ्यात बरीच वर्षं कलर लॅबमध्ये फोटो छापले. लग्नाच्या फोटोंतला हॅलोजनचा पिवळेपणा काढणं हे रोजचं काम. त्यामुळे मला नाण्यांच्या आधी नाण्यांचे फोटो कळायला लागले, आणि या खरेदीत निम्म्याहून जास्त अक्कल तिथेच लागते.

आधी रंग कुठून येतो ते. हवेतला, कागदातला, कापडातला गंधक चांदीवर बसतो आणि सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर रंग दिसतात, तसेच हे. रंगद्रव्य काही नसतं, पापुद्र्याची जाडी रंग ठरवते. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-किरमिजी, मग निळा, मग फिकट आकाशी, पापुद्रा आणखी जाड झाला की पुन्हा पिवळा, गुलाबी, आणि तेव्हा कुठे हिरवा. शेवटी काळा. हा क्रम पाठ करा, पुढे खोटं नाणं पकडताना हाच लागतो.

हा रंग प्रकाश नाण्यावरून थेट परतून डोळ्यात आला तरच दिसतो. स्कॅनरवर उपडं ठेवलेलं किंवा ट्यूबलाइटखाली सरळ वरून टिपलेलं नाणं नुसतं राखाडी-काळं येतं. म्हणून स्कॅन असलेले लॉट, म्हणजे एका बोलीला लावलेली नाणी, मी मुद्दाम आधी बघतो. कडेला गडद वलय, आत हळूहळू उजळत गेलेली जमीन (नाण्याची नक्षीमागची सपाट जागा) आणि राजाच्या मुकुटाचं, झग्याचं काम टोकदार शिल्लक, असं दिसलं की थांबायचं. सरसकट सपाट काळं आणि नक्षी झिजलेली असेल तर ते खरंच नुसतं काळं आहे, पुढे चला.

मग विकणाऱ्याला विचारायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या लिलावात हे सोपं पडतं. "दादा, खिडकीपाशी नाणं कडेनं धरून हळूहळू तिरकं करत एक छोटा व्हिडिओ पाठवता का?" एकाचं उत्तर आलं होतं, "काका, काळं आहे हो ते. पॉलिश मारूनच पाठवतो ना!" मी टाइप करायच्याही भानगडीत न पडता थेट फोन लावला, की बाबा रे, हातसुद्धा लावू नकोस.

उलट फसवणूकही फोटोतच कळते. नाण्याकडे न बघता आजूबाजूला बघा. खालचा पांढरा कागद पिवळसर दिसत असेल तर नाण्यावरचं सोनं बल्बचं आहे. नाणं धरलेली बोटं टोमॅटोसारखी लाल असतील तर फोटोचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, ओढलेलं आहे. मोबाइलच्या एडिटिंगमध्ये तो कागद पांढरा आणि बोटं माणसाची होईपर्यंत रंग खाली आणा. उरेल तेवढाच रंग पैसे देण्याजोगा.

घ्यायचं कुठलं? सुरुवातीला पंचम जॉर्जचे १९१७, १९१८ आणि १९१९ चे रुपये. पहिल्या महायुद्धाच्या गरजेपोटी मुंबई आणि कलकत्ता टांकसाळींनी ते कोट्यवधींनी पाडले, त्यामुळे न वापरलेले, मूळ चमक असलेले आजही निघतात, आणि वर्षासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. मोजायचे ते फक्त रंगाचे. त्या काळात चांदी इतकी कमी पडली की १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेनं सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांमार्फत हिंदुस्थानात आली. गंमत अशी की वितळण्यातून वाचलेल्या त्याच डॉलरवर (त्यांना मॉर्गन डॉलर म्हणतात) रंग चढलेला असेल तर अमेरिकेत लोक वेड्यासारखे पैसे ओततात, आणि त्यांच्या भावंडांना आपण चिंच लावतो.

१९११ च्या रुपयाच्या नादी सुरुवातीलाच लागू नका. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, म्हणून तो मागे घेऊन १९१२ पासून हत्ती सुधारला. त्याला वर्षाचाच भाव येतो. चांदीचा १९३९ चा रुपया तर नकलांनी बुजबुजलेला आहे. स्वतंत्र भारतातलं काही हवं असेल तर १९६९ चं गांधींचं १० रुपयांचं नाणं बघा. १५ ग्रॅम वजन, ८० टक्के चांदी, आणि टांकसाळीच्या डबीतल्या प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या, नाण्यांवर कधी कधी सुरेख वलयं धरतात.

भावाचा तळ काढून ठेवा. १९३९ पर्यंतच्या रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. शुद्ध चांदी भरते सुमारे १०.६९ ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाला गुणलं की मोडीची किंमत आली. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, तिथे हा हिशेब लावू नका. आणि बोली म्हणजे किंमत नव्हे. हातोडा २,००० वर पडला आणि लिलाव कंपनीचा वरचा आकार, म्हणजे प्रीमियम, २० टक्के असेल तर झाले २,४००, वर कर आणि कुरिअर. नियमांचं पान आधी वाचा आणि शेवटच्या आकड्यावरून मागे येत आपली बोली ठरवा.

मोठ्या लिलावांत प्राचीन, मुघल, संस्थानी असं करत ब्रिटिश इंडिया उशिरा येतं, आणि त्यात शेवटी 'मिश्र लॉट' असतात: वीस-पंचवीस रुपये एका फोटोत. तो फोटो मोठा करून एकेक नाणं बघायला कोणी बसत नाही. मी बसतो. बायको म्हणते, "अहो, डोळे जातील." पण कागदी पाकिटात पडून राहिलेला एखादा निळसर रुपया अशाच गर्दीत मोडीच्या आसपास मिळतो.

नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या सीलबंद, म्हणजे ग्रेडिंगच्या, डबीत असेल तर प्रमाणपत्राचा नंबर एनजीसी किंवा पीसीजीएस यांपैकी ज्या कंपनीची डबी असेल तिच्या साइटवर टाका. तिथे बऱ्याचदा त्यांनी काढलेला स्वच्छ फोटो असतो, आणि लिलावातला काळा ठोकळा तिथे मोरपंखी निघतो. डबीवर 'क्लीन्ड' किंवा 'क्वेश्चनेबल कलर' लिहिलं असेल तर विषय संपला.

बनावट रंग ओळखायला भिंग लागतं. सोनेरीला चिकटून एकदम निळा, मध्ये तांबूस पट्टाच नाही, किंवा पातळ सोनेरीशेजारी हिरवा, तर शंका घ्या. मग अक्षरांपाशी जा. नैसर्गिक रंग उठावाच्या अक्षरांच्या कडेशी येऊन फिका पडतो, बारीक उजळ किनार राहते. घाईनं चढवलेला रंग अक्षरावरून सरळ वाहून गेलेला असतो. ओरखडेही बघा. ओरखड्याच्या आतही तोच रंग असेल तर नाणं आधी घासलंय आणि रंग नंतर आलाय. राजाचा गाल झिजलेला आणि तरी अंगभर इंद्रधनुष्य, हे तर मी बघतच नाही. वजनाच्या काट्यावरचा फोटोही मागा, कारण ओतीव नकलेवरचे बारीक खड्डे झाकायलाही रंग देतात.

परदेशातल्या भाच्या-पुतण्यांना पाठवायचा विचार असेल तर तो सोडा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि वर सांगितलेले १९१७ ते १९१९ चे रुपये त्यात बसतात.

पार्सल आलं की पुसू नका, पाण्याखाली धरू नका. जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या (पीव्हीसीच्या) पाकिटातून आलं असेल आणि हिरवट चिकटपणा दिसत असेल तर तेवढ्यापुरतं शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवा. नेलपॉलिश रिमूव्हर नाही. रंगाला काही होत नाही, चिकटा निघतो. मात्र हे खिडकी उघडी टाकून आणि गॅसपासून लांब करा. मग पीव्हीसी नसलेल्या पाकिटात घालून डब्यात ठेवा, पावसाळ्यात सोबत सिलिका जेलची पुडी. रबरबँड, लोकरीचे कपडे आणि वर्तमानपत्र त्या कप्प्यात नको, तिघांतही गंधक असतो.