आधी मिठाचा डबा काट्यावर ठेवा

अक्षर दासोहाच्या, म्हणजे कर्नाटकातल्या शाळांत दुपारचं जेवण देणाऱ्या सरकारी योजनेच्या, हिशेबात तांदूळ, डाळ, तेल सगळं ग्रॅममध्ये असतं. पाचवीपर्यंतच्या मुलामागे तांदूळ 100 ग्रॅम, डाळ 20, भाजी 50, तेल 5. सहावी ते आठवीला 150, 30, 75 आणि साडेसात. मिठासमोर मात्र आकडा नाही, ‘गरजेप्रमाणे’ एवढंच. म्हणजे पोरांच्या पोटात मीठ किती जाणार, हे मावशींच्या मुठीवर ठरतं. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. मुलं खारट फार खातात, अशी तक्रार शिक्षक आणि पालक दोघंही करतात, पण तोलून कुणी बघत नाही. ते कसं करायचं, हे इथं लिहिते.

मोजायच्या दोन गोष्टी आहेत. मिठातलं सोडियम जास्त झालं की रक्तदाब वाढतो, पोटॅशियम त्याला आवर घालतं. म्हणून एकटं मीठ मोजून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण मोठ्या माणसाला दिवसाला मीठ 5 ग्रॅमच्या आत (म्हणजे सोडियम 2 ग्रॅम) आणि पोटॅशियम निदान 3,510 मिलिग्रॅम असं आहे. मुलांचा आहार जेवढा कमी, तेवढे हे आकडे खाली आणायचे.

सुरुवात शाळेच्या स्वयंपाकघरातून करा. ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा हवा, धान्याचा मोठा काटा मिठाला चालत नाही. सकाळी चूल पेटायच्या आधी मिठाचा डबा झाकणासकट तोला, सगळ्यांना वाढून झाल्यावर पुन्हा तोला. मावशींना आधी विश्वासात घ्या. त्यांची चूक काढायला आलोय असं वाटलं तर त्या दिवशी हात आपोआप आखडतो आणि आकडा खोटा येतो. मी एवढंच म्हणते, “मावशी, तुम्ही रोजच्यासारखंच घाला, मी फक्त डबा तोलते.” भातात वेगळं आणि सांबारात वेगळं मीठ पडतं, शिवाय चव बघून वरून चिमूटभर. डबा तोलला की हे सगळं एकदम हिशेबात येतं, चमचे मोजत बसावं लागत नाही. चमच्याचा तसाही भरवसा नाही, कारण खडेमीठ आणि बारीक मीठ एकाच चमच्यात सारख्या वजनाचं मावत नाही. सांबार मसाल्याच्या तयार पुड्यात मीठ असेल तर तेही धरा, पुड्यावर लिहिलेलं असतं. आणि आमच्याकडच्या पावसात उघड्या डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, मग काटा पाण्याचंही वजन दाखवतो. जून ते सप्टेंबर कोरडं, नवं पाकीट फोडूनच मोजा.

समजा डबा 420 ग्रॅमनी हलका झाला. जेवणारी मुलं 180. पातेल्यात आणि ताटांत मिळून दहावा हिस्सा अन्न उरलं. तर मुलांच्या पोटात 378 ग्रॅम गेलं, दर मुलामागे 2.1 ग्रॅम. एका जेवणाचं एवढं. उरलेलं अन्न तोलायला विसरू नका, नाहीतर सांडलेलं सांबारही मुलांच्या नावावर पडतं. पहिलीचं पोर आणि सातवीचं पोर सारखं जेवत नाही, म्हणून दोन्ही वर्गांतली थोडी ताटं वाढल्यावर वेगळी तोलून ठेवावीत.

पोटॅशियमचा अंदाज दासोहाच्या हिशेबाच्या वहीतूनच निघतो. 20 ग्रॅम तूरडाळीत साधारण अडीचशे ते पावणेतीनशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. शंभर ग्रॅम केळ्यात साडेतीनशेच्या आसपास, रताळ्यात जवळपास तेवढंच. पण पोटॅशियम पाण्यात उतरतं. पालेभाजी उकडून पाणी ओतून दिलं तर त्यातलं बरंचसं मोरीत जातं. म्हणून भाजी काय होती याबरोबर ती कशी शिजवली, हेही टिपून ठेवा.

घरचं मोजणं अवघड, पण सोडून देण्यासारखं नाही. “काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लंस?” असं मुलाला विचारायचं, आणि जमलं तर आईलाही. मुलं भाकरी सांगतात, आमटी सांगतात. लोणचं, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, पापड, सांडगे, चिरमुऱ्यांबरोबरचं फरसाण हे मात्र सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते जेवण नव्हेच. मीठ नेमकं तिथंच जास्त. “भाकरीबरोबर तोंडी लावायला काय होतं?” हा प्रश्न वेगळा विचारा. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, खारी-बिस्किटांत खाण्याचा सोडा. चवीला खारट लागलं नाही तरी सोडियम येतंच.

दुकानातल्या पाकिटांसाठी मुलांना रिकामी पाकिटं आठवडाभर जमवायला सांगा. मागच्या बाजूला 100 ग्रॅममागे सोडियम किती मिलिग्रॅम, ते छापलेलं असतं. त्याला अडीचने गुणून हजाराने भागलं की मिठाचे ग्रॅम मिळतात. 100 ग्रॅममध्ये 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ, आणि पाकीट 30 ग्रॅमचं असेल तर 0.6. सातवीची मुलं हे गणित फळ्यावर हौसेनं करतात, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात पाकीट उलटं करून वाचायला लागतात.

एवढ्यानं अंदाज येतो. पक्कं उत्तर चोवीस तासांच्या लघवीतूनच मिळतं, कारण खाल्लेल्या सोडियमपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास तिथून बाहेर पडतं. हे शाळेनं एकट्यानं करू नये. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर बरोबर हवेत, पालकांची लेखी संमती हवी, आणि तो कागद मराठी आणि कन्नड दोन्हींत असावा. मूल नको म्हणालं तर तिथंच थांबायचं. पाळी चालू असलेल्या मुलींना त्या दिवशी धरू नका. विचारतानाही शिक्षिकेनं एकटीला बाजूला घेऊन विचारावं.

वार रविवारच घ्या, कॅन घेऊन शाळेत यायला कुठल्या मुलाला आवडेल? सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि घड्याळ बघून वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक वेळची, रात्रीचीसुद्धा, दोन लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये. सोमवारी उठल्यावरची पहिलीही कॅनमध्ये घ्यायची आणि तिथं थांबायचं. कॅन सावलीत, गार जागी. एखादी वेळ चुकली तर मुलानं न घाबरता सांगावं, हे आधीच बजावा. चुकलेला कॅन बाजूला काढलेला बरा, अर्धवट कॅनमुळे मीठ कमी दिसतं. प्रयोगशाळेत क्रिएटिनिनही (स्नायूंतून तयार होऊन लघवीतून रोज साधारण सारखंच बाहेर पडणारं द्रव्य) तपासून घ्या, त्यावरून संकलन पुरं होतं की नाही याचा अंदाज येतो.

आता हिशेब. एकूण लघवी 900 मिलिलिटर, सोडियम लिटरला 110 मिलिमोल आलं असं धरू. 0.9 गुणिले 110 म्हणजे 99 मिलिमोल. एक मिलिमोल सोडियम म्हणजे 23 मिलिग्रॅम, म्हणून गुणिले 23, सोडियम 2,277 मिलिग्रॅम. गुणिले 2.54 (वरचं अडीचच, जरा नेमकं), मीठ 5.8 ग्रॅम. पोटॅशियम लिटरला 28 मिलिमोल आलं तर एकूण 25.2 मिलिमोल, त्याचा एक मिलिमोल 39 मिलिग्रॅमचा, म्हणून गुणिले 39, म्हणजे 983 मिलिग्रॅम. पोटॅशियमचा सुमारे पाऊण हिस्साच लघवीतून जातो, तेव्हा खाल्लेलं तेराशेच्या आसपास धरावं. सोडियमच्या मिलिमोलला पोटॅशियमच्या मिलिमोलने भागा. इथं जवळपास 4 येतात. दोन्ही प्रमाणं पाळली गेली तर ते 1 च्या जवळ असायला हवेत.

एका मुलाच्या एका दिवसावरून त्या मुलाबद्दल काही ठरवू नका. आदल्या दिवशी जत्रेत जेवलेलं पोर आणि उपवासाचं पोर यांचे आकडे वेगळेच येणार. वर्गाची सरासरी बोलते, एकट्याचा आकडा बोलत नाही. यादीत नावं न घालता फक्त क्रमांक ठेवा.

सरासरी जास्त आली तर पालकसभेत मुलांना किंवा आयांना बोल लावू नका. सांबारातलं मीठ एकदम निम्मं केलं तर ताटं तशीच परत येतात, तेव्हा दर पंधरवड्याला थोडं थोडं कमी करा. मीठ आयोडीनचंच राहू द्या. ‘कमी सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं, घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये. पोटॅशियम वाढवायला लांब जावं लागत नाही. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत रताळी पिकतात आणि गाड्या भरून बाहेर जातात, ती आपल्या पोरांच्या डब्यात उकडून, शक्यतो सालासकट, यावीत. मग दोन महिन्यांनी त्याच वाराला, तोच बेत असताना डबा परत तोला. बेत बदलला तर आधीच्या आकड्याशी तुलना होत नाही.