पुण्यातली जपानी बाग बघायचीय? दुपार टाळा
कोल्हापूरहून पुण्याला कामानिमित्त गेलात, तर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान बघून या. दुपारी मात्र ते बंद असतं. जेवण उरकून गेलात तर कुलूपच दिसेल. सकाळी लवकर गाठा. स्वारगेटहून रिक्षाने फार लांब नाही.

जपानच्या ओकायामा शहरातल्या, १७०० साली पूर्ण झालेल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ही बाग केलीय. अशी बाग एका जागी बसून दिसत नाही. वाट वळली की समोरचं दृश्य बदलतं, म्हणून पायवाटेनं सावकाश पूर्ण फेरी मारा. हिरवळीवर उतरू नका. आणि रंकाळ्यासारखी भेळ खात फिरायची हौस? ती बाहेर आल्यावर.