सूर्यास्ताच्या बोटफेरीत जागा कशी निवडावी

सूर्यास्ताच्या बोटफेरीत चुकीच्या बाजूला बसल्यास निम्मे दृश्य पाठीमागेच राहते, म्हणून तिकीट घेतानाच बोट प्रथम कोणत्या दिशेला जाणार आणि सूर्यास्त जाताना होणार की परतताना, हे विचारून घ्यावे. पश्चिमाभिमुख किनाऱ्यालगत बोट उत्तरेकडे निघाली, तर समुद्र व मावळता सूर्य डावीकडे आणि किनारा उजवीकडे येतो. परतीला हे उलटते. सूर्य मावळण्यापूर्वी तिरप्या उन्हात उजळलेले कडे मला सूर्याइतकेच मोलाचे वाटतात. आकाशाचे रंग बहुधा सूर्यास्तानंतर अधिक खुलत असल्याने, त्यानंतर किमान 20 मिनिटे समुद्रावर राहणारी फेरी निवडावी. बोट चालू असताना नावाड्याला विचारल्याशिवाय जागा बदलण्यासाठी उठू नये.