पाडव्याच्या ओवाळणीवरून घरात धुसफूस होते? या चुका टाळा

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला बायकोने ओवाळणीत एक तोळ्याचं गंठण मागितलं आणि मी म्हणालो, "बघू." औशाजवळच्या आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. तिच्या नांदेडच्या माहेरी 'बघू' म्हणजे जरा थांब, आणतो. पुढचे पंधरा दिवस ती मोबाइलवर गंठणाचे नमुने बघत राहिली आणि मी तिची नजर चुकवत राहिलो.

चूक पहिली: 'बघू' म्हणून वेळ मारून नेणे

जमणार नसेल तर त्याच दिवशी सांगा, आणि आकड्यासकट सांगा. "यंदा पाच हजारांच्या वर जाता येणार नाही" हे वाक्य तोंडातून काढायला जड जातं. पण त्यात समोरच्याचा अपमान नाही. पंधरा दिवस आस लावून ठेवण्यात आहे.

चूक दुसरी: गुपचूप उचल घेणे

ही मी केली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. त्या साली ऐन काढणीत पाऊस लागला. सोयाबीनमध्ये ओल साधारण 12 टक्क्यांच्या वर गेली की भाव तुटतो, तसा तुटला. खत-बियाण्याची उधारी वजा होऊन पट्टी, म्हणजे आडत्याने दिलेला माल विक्रीचा हिशोब, हातात आली तेव्हा फार काही उरलं नव्हतं. तरी मी येणाऱ्या हरभऱ्यावर आडत्याकडून, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतली आणि पाडव्याला गंठण तिच्या हातात ठेवलं. हरभरा विकला तेव्हा ती रक्कम पट्टीतून कापली गेली, आणि ती पट्टी नेमकी तिने वाचली. ती एवढंच म्हणाली, "नाही म्हणाला असतात तरी चाललं असतं. माझ्यापासून लपवायलेत कशामुळं?" गंठण कपाटात गेलं. पुढे कितीतरी दिवस तिने ते गळ्यात घातलं नाही.

उचलीच्या जागी आज मोबाइलवरचा हप्ता आलाय. 'विनाव्याज' लिहिलेलं असलं तरी प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी बघा. रोखीने घेतल्यावर मिळणारी सूट हप्त्यात मिळत नसेल, तर तेच तुमचं व्याज.

चूक तिसरी: मागणाऱ्याला हावरट आणि नाही म्हणणाऱ्याला कंजूष ठरवणे

माझे सासरे नोकरीत होते. एक तारखेला पगार, दिवाळीला बोनस, आणि दर पाडव्याला सासूबाईंच्या हातात काहीतरी सोन्याचं. बायकोच्या लेखी ते दागिने म्हणजे वडिलांना आईची आठवण असल्याची खूण. आमच्याकडे पैसा वर्षातून दोनदा यायचा: दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा, उन्हाळ्याच्या तोंडाला तूर-हरभऱ्याचा. मधले महिने उधारीवर. माझ्या आईच्या पाटल्या दोनदा गहाण पडल्या होत्या, त्यामुळे सोनं म्हटलं की मला आधी दुष्काळ आठवतो. एकच वस्तू, तिला त्यात माया दिसते, मला भीती. हे आम्ही एकमेकांना सांगितलं लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. ते साखरपुड्याआधी बोलायला हवं होतं. तुमचं लग्न ठरत असेल तर पत्रिकेसोबत एवढं जरूर विचारा: तुमच्या घरी पैसा केव्हा येतो, आणि कमी पडला की काय करतात?

चूक चौथी: किंमत न समजून घेता हो म्हणणे

50,000 रुपयांचं सोनं 50,000 ला पडत नाही. मजुरी 12 टक्के धरली तर 6,000 रुपये, आणि त्या सगळ्यावर 3 टक्के जीएसटी म्हणजे 1,680 रुपये. बिल होतं 57,680. मोडायला गेलात तर मजुरी आणि कर परत येत नाही. हा हिशोब दोघांनी एका कागदावर मांडा. आमच्याकडे बायकोनेच मग नक्षीकामाऐवजी साधं वळं निवडलं. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असावा लागतो. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तो तपासता येतो.

पैठणीचंही तसंच. हातमागाची पैठणी काही हजारांपासून लाखापर्यंत जाते. पदर उलटा करून बघा: हातमागाची नक्षी मागूनही जवळपास पुढच्यासारखी दिसते, यंत्रावरच्या साडीला मागे बहुधा सुटे किंवा कापलेले धागे असतात. हातमागाच्या भावात यंत्रावरची साडी आणलीत, तर पैसेही जातात आणि मनही मोडतं.

आणखी एक. तिने दागिना मागितला आणि तुम्ही मिक्सर आणलात, तर ती ओवाळणी नाही, घरखर्च आहे. कमी किमतीचं आणा, पण तिने मागितलेल्या जातीचं आणा. पैंजण आणा, चांदीचा कुंकवाचा करंडा आणा.

जावेला काय मिळालं याची तुलना, आणि हा वाद माहेरी किंवा सासरी नेणं, या दोन चुकांबद्दल जास्त लिहीत नाही. दोन्हींनी भांडण दोघांचं राहत नाही, दोन घरांचं होतं.

मात्र एका ठिकाणी समजुतीने घेऊ नका. धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक महिन्यात, जावयाला वाण देतात. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. सासऱ्यांनी आनंदाने अनारसे आणि चांदीचा दिवा दिला तर ती रीत. पण नवरा किंवा त्याच्या घरचे अंगठी, गाडी मागून अडून बसत असतील तर तो स्वभावातला फरक नव्हे. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात लग्नानंतर, लग्नाच्या संबंधाने केलेली मागणीही येते. तिथे मुलीच्या पाठीशी उभं राहा.

आमचं आता असं ठरलंय: पट्टी आली की ती दोघांनी वाचायची, उधारी फेडायची आणि मगच ओवाळणीचा आकडा ठरवायचा. सोयाबीनने हात दिला नाही तर दिवाळीच्या पाडव्याला ताटात नारळ आणि 101 रुपये. दागिना गुढीपाडव्याला, हरभरा घरात आल्यावर. यंदा ती तारीख बायकोनेच सुचवली.